इमारतीतला ‘आपलेपणा’ नेमका कुठे असतो? चार्ल्स कोरियांच्या कामातून समजून घेऊ

२०२३ च्या जुलैमध्ये पणजीच्या कला अकादमीत खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. नूतनीकरणाच्या काळातच हे घडल्यामुळे गोव्यात गदारोळ झाला. खर्च, दर्जा, जबाबदारी यांवर पुष्कळ बोललं गेलं. इमारत जपा म्हणणारे तिला ‘गोव्याचा वारसा’ म्हणत होते आणि अनेक सामान्य वाचक नेमके तिथेच अडखळत होते. इमारत पूर्ण झाली १९८३ साली. सांगाडा काँक्रीटचा. ना घुमट, ना नक्षीचे खांब, ना शिंपल्यांच्या खिडक्या. मग वारसा कसला?

शंका रास्त आहे, कारण ‘वारसा’ म्हटलं की आपल्याला दर्शनी भाग आठवतो. मंगल कार्यालयाच्या दारावर फायबरची महिरप लावली की ते ‘पारंपरिक’. पंचवीस मजली टॉवरच्या गच्चीवर छत्री बसवली की तो ‘मराठमोळा’. या सगळ्या वस्तू तयार मिळतात. काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचे साचे असतात, ते बोल्ट मारून भिंतीला लावतात. काढून टाकले तर इमारतीच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही.

कला अकादमीचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांचं बहुतेक काम नेमकं याच्या उलट आहे. कोरिया मूळ गोव्याचे, जन्म सिकंदराबादचा. शिक्षण मुंबईत आणि पुढे अमेरिकेत मिशिगन व एमआयटी इथे झालं. १९५८ पासून त्यांची प्रॅक्टिस मुंबईत होती. वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना १९६० च्या दशकात मांडणारे तेच. त्यांच्या चांगल्या इमारतींत परंपरा डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण ऊन, वारा, पाऊस आणि माणसं तिथून कशी फिरतात यात ती असते. ती काढायची म्हटली तर इमारतच पाडावी लागेल.

## तीन संज्ञा, एवढ्याच

प्लॅन म्हणजे वरून पाहिलेला नकाशा. कुठली खोली कुठे, दार कुठे, हे त्यात कळतं. फ्लॅट घेताना बिल्डर हाच दाखवतो.

सेक्शन, म्हणजे छेद, हे इमारत उभी कापल्यावर आत जे दिसेल त्याचं चित्र. छताची उंची, छज्जा किती बाहेर, खिडकीतून ऊन किती आत येणार, गरम हवा कुठून निसटणार, हे फक्त छेदात कळतं. आणि बिल्डर तो जवळजवळ कधीच दाखवत नाही.

तिसरी संज्ञा अभ्यासकांची: चिकित्सक प्रादेशिकता. वास्तुकलेचे इतिहासकार केनेथ फ्रॅम्प्टन यांच्या १९८३ मधल्या लेखनाने ती जगभर गाजली. अर्थ असा की आधुनिक साहित्य आणि तंत्र मोकळेपणाने वापरायचं, पण जागेचं हवामान, उतार, प्रकाश, बांधायच्या सवयी यांना उत्तर द्यायचं. जुन्या रूपाची नक्कल करायची नाही. ही संज्ञा यापुढे लागणार नाही. छेद मात्र सारखा लागेल.

## कला अकादमीत गोवा कुठे आहे?

इमारत कांपालच्या रस्त्यावर आहे आणि तिच्या पाठीमागे मांडवी. अशा जागी सांस्कृतिक भवन बांधायचं तर बहुतेक जण नदीकाठी एक भव्य ठोकळा उभा करतील, समोर पायऱ्या, वर नाव. कोरियांनी इमारत बुटकी आणि आडवी ठेवली. रस्त्याच्या पातळीवर बराचसा भाग सावलीचा, पण उघडा. नाटकाचं तिकीट न काढताही माणूस आत शिरून थेट नदीपर्यंत जाऊ शकतो, वाटेत टेकू शकतो, तालीम ऐकू शकतो.

जुन्या गोमंतकीय घराला रस्त्याकडे तोंड करून ‘बाल्कांव’ असतो. दाराबाहेरचा छोटा छपराखालचा ओटा, दोन बाजूंना बसायला बांधीव बाकं. घरात न बोलावताही पाहुण्याला बसवता येतं, आणि घरातल्याला गावाशी बोलता येतं. कला अकादमीची ही मोकळी सावली म्हणजे साऱ्या शहरासाठी बाल्कांव. आत नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी चित्रं रंगवली. तो भाग लोकांना चटकन ‘गोव्याचा’ वाटतो, कारण तो दिसतो. पण चित्रं ठेवून ती मोकळी वाट फाटक लावून बंद केली, तर इमारतीतलं जास्त मोठं काहीतरी जाईल.

बाहेरून दिसणारा तांबूस जांभा दगडही असाच ‘गोव्याचा’ वाटतो. त्याची गोष्ट जरा वेगळी आहे, ती पुढे.

## एकाच राज्यात दोन उलटी घरं

‘प्रादेशिक’ हा शब्द आपण ढिला वापरतो. पुण्याचा वाडा आणि रत्नागिरीचं घर ही दोन्ही मराठी घरं, पण त्यांचे छेद एकमेकांच्या उलट आहेत.

एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा साधारण ३८ अंशांवर जातो आणि पहाटे २१ च्या आसपास उतरतो. फरक सतरा अंशांचा. इथे जाड भिंत कामाची. दगड-विटांच्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला काही तास लागतात, तोवर बाहेर रात्र होऊन गारवा सुटलेला असतो. म्हणून वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड, त्यांना खिडक्या लहान, आणि घर आत चौकाकडे तोंड करून. रात्री थंड हवा चौकात उतरते आणि सकाळी बराच वेळ तिथेच राहते. पाऊस वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, त्यामुळे उघडा चौक परवडतो.

किनाऱ्यावर एप्रिलची दुपार ३३ ची आणि पहाट २५ ची. फरक जेमतेम आठ अंशांचा, शिवाय हवेत दमटपणा. जाड भिंतीने तापलेली उष्णता रात्री आत सोडली तर झोप उडते. इथे उपाय एकच, अंगावरून वारा जाणं. म्हणून कोकणातलं घर बाहेर उघडतं: पुढे ओटी, बाजूने पडवी, मागे परसदार. पणजीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणून उतरतं छप्पर, त्याची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आणि जोतं उंच.

तेव्हा मुंबईतल्या टॉवरच्या जाहिरातीत ‘वाडा संस्कृती’ वाचलं की हसू येतं. किनाऱ्यावर वाड्याची नक्कल करणं हा वारशाचा मान नाही, ती हवामानाची चूक आहे.

## अहमदाबादचं नळीघर

कोरियांनी हा हिशेब उघडपणे मांडला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अहमदाबादमध्ये. अल्प उत्पन्न गटासाठीच्या घरांची स्पर्धा होती आणि त्यांचा ‘ट्यूब हाऊस’ आराखडा निवडला गेला. घर साधारण १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब. अशी घरं एकमेकांना चिकटून, त्यामुळे लांब भिंतींवर ऊन पडतच नाही. ऊन लागतं ते फक्त दोन टोकांना आणि छताला.

छत आतून उतरतं ठेवलेलं. चूल पेटवली की धूर जसा धुराड्याकडे स्वतःहून ओढला जातो, तशी खोलीतली तापलेली हवा उतरत्या छताला घासत वर सरकते आणि शेंड्याच्या झरोक्यातून निघून जाते. तिची जागा भरायला दाराजवळच्या फिरत्या झडपांतून खालून ताजी हवा आत येते. वीज लागत नाही.

याचं बिघडतं कुठे? शेंड्याचा झरोका अडवला तर. पावसाची झड येते, कबुतरं शिरतात, धूळ येते, म्हणून माणूस तिथे प्लायवूड ठोकतो आणि सगळी यंत्रणा बंद पडते. उपाय साधा असतो: झरोक्याला खाली उतरत्या पट्ट्या आणि जाळी, आणि ती साफ करायला हात पोचेल अशी सोय. आराखडा करताना ही सोय राहिली की घर दोन वर्षांत नेहमीच्या खोलीसारखं गरम होतं.

त्याच शहरात साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) आहे. सहा बाय सहा मीटरच्या चौकटी, विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. काही चौकटी भरलेल्या, काही उघड्या. काँक्रीटच्या तुळयाच पन्हळीच्या आकाराच्या, पावसाचं पाणी त्यांतूनच वाहून जातं. शेजारी गांधीजींचं राहतं घर ‘हृदयकुंज’ उभं आहे. नवी इमारत त्याची नक्कल करत नाही आणि त्याच्यावर दादागिरीही करत नाही.

## अठ्ठावीस मजल्यांची पडवी

मुंबईच्या कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ (१९७०–८३) कोरियांची सर्वांत प्रसिद्ध निवासी इमारत. २१ मीटर बाय २१ मीटरचा चौरस, ८४ मीटर उंची, म्हणजे बरोबर एकास चार. ३२ फ्लॅट. कोपऱ्यांवर दोन-दोन मजले उंचीच्या गच्च्या कोरून काढल्यासारख्या. मुंबईबाहेरचे लोक ती फक्त शिल्प म्हणून पाहतात. खरं तर तो एका अडचणीवरचा उपाय आहे.

अडचण अशी. मुंबईत समुद्र पश्चिमेला, बंदर पूर्वेला. वारा आणि देखावा दोन्ही त्याच दिशांना. पण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसही तिथूनच मारा करतो. घर पूर्व-पश्चिम उघडायचं आणि पूर्व-पश्चिमेपासून वाचवायचंही!

छज्ज्याने हे सुटत नाही. आकडे पाहा. खिडकी १.२ मीटर उंच धरू. मुंबईच्या अक्षांशावर (सुमारे १९ अंश) दक्षिणेकडच्या खिडकीला २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात दिवसभर पूर्ण सावली द्यायला सुमारे ४१ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. दीड फुटाचा नेहमीचा छज्जा झाला की काम झालं. पश्चिमेला सूर्यास्ताच्या दीड तास आधी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो. त्याच खिडकीला सावली द्यायला छज्जा हवा ३.३ मीटर! पावसाचंही तसंच. मोठा थेंब सेकंदाला सात ते नऊ मीटर वेगाने पडतो. वारा तेवढाच झाला, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर, की सर ४५ अंशांच्या कोनात आत येते. पावसाळ्यात असा वारा नवलाचा नाही.

तीन मीटरचा छज्जा कोणी बांधत नाही. पण तीन मीटरची पडवी जुन्या बंगल्यांना असायची. ऊन आणि सर पडवीत पडते, खोलीत नाही. शिवाय पडवी वापरता येते, छज्जा येत नाही. कोरियांनी हीच पडवी उभी रचली. राहत्या खोल्या आत आणि कोपऱ्याला खोल गच्ची, काही ठिकाणी ६.३ मीटरपर्यंत खांबाविना बाहेर आलेली. एवढा भार खांबाविना पेलायला इमारतीच्या मध्यभागी काँक्रीटचा भक्कम गाभा आहे. त्याचा साचा न उतरवता सरकत वर नेत तो ओतला.

आपल्या इमारतींत हे कुठे फसतं ते सगळ्यांना माहीत आहे: ‘बाल्कनी आत घेणे’. चार फुटांच्या बाल्कनीला सरकत्या काचा लावल्या की खोली मोठी दिसते. पण आता काच हीच खोलीची बाहेरची भिंत झाली. जे ऊन बाल्कनीच्या फरशीवर पडून संपायचं ते थेट दिवाणखान्यात येतं आणि काचेआड अडकतं. चार फुटांची बाल्कनी तशीही पडवी नसतेच. खुर्ची टाकून पुढून एका माणसाला जाता यायला ती किमान सहा फूट रुंद लागते. त्याहून कमी असेल तिथे कपडे वाळतात, माणसं बसत नाहीत, आणि मग ती आत घ्यावीशी वाटणं साहजिक आहे.

## हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का?

कांचनजंगापुरतं बोलायचं तर हो. म्हणून सीबीडी बेलापूरची वसाहत पाहायला हवी. लोक तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात. सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेली ही बैठी आणि एकमजली घरं, प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर.

रचना साधी आहे. सात घरं मिळून एक लहान चौक, साधारण ८ बाय ८ मीटर. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरं, मिळून १२ बाय १२ मीटरचा चौक. त्या गटांचे मिळून पुढचे मोठे चौक. आठ मीटरच्या चौकात सातही घरांच्या दारातून शेजाऱ्याचा चेहरा ओळखू येतो, पोर रडलं तर ऐकू येतं. बारा मीटरच्या चौकात क्रिकेट होतं. वाडी, आळी, गाव या चढत्या क्रमात वाढलेल्या माणसाला इथे काही शिकवावं लागत नाही.

दोन बारकावे मात्र नकाशावर चटकन दिसत नाहीत. पहिला: कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. घर लहान आणि स्वतंत्र भिंतीचं, हे महाग वाटतं. पण सामाईक भिंत असली की वरचा मजला चढवायला शेजाऱ्याची परवानगी लागते आणि भांडण ठरलेलं. स्वतंत्र भिंतीमुळे ज्याला जेव्हा पैसे जमतील तेव्हा तो वाढवू शकतो. दुसरा: संडास-न्हाणी जोडीजोडीने पाठीला पाठ लावलेल्या, म्हणजे नळ आणि मैल्याच्या वाहिन्यांचा खर्च कमी.

## पण लोकांनी ती घरं पाडून टाकली ना?

बरीचशी, हो. कौलारू, चुन्याने रंगवलेल्या मूळ घरांच्या जागी आज कितीतरी ठिकाणी दोन-तीन मजली आरसीसी घरं दिसतात, बाहेरून टाइल्स, वर स्टीलचे कठडे. चौकांत गाड्या उभ्या असतात.

काही समीक्षक याला अपयश म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. घर वाढवता यावं हाच आराखड्याचा हेतू होता, आणि लोकांनी वाढवलं. घरं बदलली तरी चौकांची रचना बरीचशी टिकली, कारण चौक कुणा एकाचा नाही. खरं दुखणं दुसरं आहे. घर वर चढवताना किती उंच जायचं, पुढे किती यायचं, कोणत्या बाजूला खिडकी काढायची, याचे चार साधे नियम शेवटपर्यंत कुणी सांभाळले नाहीत. आठ मीटरच्या चौकाभोवती एक मजला असतो तेव्हा ऊन-वारा खेळतो. तीन मजले झाले की नऊ मीटर उंच भिंती, आणि आठ मीटर रुंदीचा चौक विहीर व्हायला लागतो. आराखड्यात सूट होती, पण तिची मर्यादा लिहून ठेवणारी यंत्रणा नव्हती.

## एवढी जमीन आहे कुठे? टॉवरशिवाय पर्याय नाही

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. बेलापूरची घनता होती हेक्टरला सुमारे ५०० माणसं, सगळं धरून माणशी २० चौरस मीटर जमीन. बैठ्या वसाहतीला ही घनता कमी नाही.

आता समजा, प्रत्येक कुटुंबामागे शाळा, रस्ते, मैदान, दवाखाना यांना मिळून ६० चौरस मीटर जमीन लागते आणि घराच्या पायासाठी ७०. बैठ्या वस्तीत एका कुटुंबाला १३० लागले. पाच मजली केलं तर पायाचा वाटा १४ होतो, एकूण ७४. मोठी बचत. दहा मजल्यांना एकूण ६७. वीस मजल्यांना ६३.५. म्हणजे पाचवरून वीस मजल्यांवर गेल्यावर वाचले जेमतेम साडेदहा चौरस मीटर. शाळेत जाणारी मुलं टॉवरमुळे कमी होत नाहीत, त्यांचं मैदानही आक्रसत नाही. (व्यवहारात आपण मैदानच खातो, आणि त्यालाच घनता म्हणतो.) बदल्यात लिफ्ट, पंप, अग्निशमन, जनरेटर यांचा देखभाल खर्च कायमचा मानगुटीवर बसतो.

म्हणजे टॉवर कधीच नको असं नाही. दक्षिण मुंबईत जमिनीचा भावच असा आहे की दुसरं काही होणार नाही. पण बेलापूरसारख्या मोकळ्या जागी चार-पाच मजल्यांपलीकडे जाण्याचं कारण जमीन नसते, विक्रीचा हिशेब असतो.

## एसी आहे की

आहे, आणि पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात तो लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण पश्चिमेची उघडी काच सावलीत आणली तर तोच एसी कमी वेळ चालतो. अंगावरून सेकंदाला मीटरभर वेगाने वारा गेला तर दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यावर वर्षातले कितीतरी दिवस निभतात.

फ्लॅट पाहायला जाताना ‘हेरिटेज थीम’च्या पानावर वेळ घालवू नका. छेद मागा. प्रत्येक खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत खिडक्या आहेत का पाहा. एकाच बाजूला खिडकी असेल तर हवा खोलीच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच आत पोचते, म्हणजे ९.५ फूट उंचीला साधारण २० ते २४ फूट. समोरासमोर खिडक्या असतील तर पाचपट अंतरही चालतं. पश्चिमेच्या भिंतीला काय आहे विचारा. तिथे जिना, संडास, कपाटं असतील तर आराखडा करणाऱ्याला काहीतरी कळतं. मोठी काच आणि ‘सनसेट व्ह्यू’ असेल तर वीजबिलाची तयारी ठेवा.

## वारसा म्हणजे कोणाचा, कुठल्या काळाचा?

आता जांभा दगडाची गोष्ट. गिलावा नसलेला तांबडा चिरा (जांभ्याचा घडवलेला ठोकळा) ही आज गोव्याची ओळख झाली आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च डोळ्यांसमोर येतं. पण १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या चर्चवर चुन्याचा गिलावा होता. तो काढला गेला १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात. तेव्हापासून पावसाचा मारा थेट सच्छिद्र दगडावर होतो आणि तो झिजतो आहे. जुनी गोमंतकीय घरंही चिऱ्याचीच, पण वरून गिलावा आणि रंग. उघडा चिरा हा बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचा शौक आहे, आणि कला अकादमी त्याच शतकाची. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याला ‘चारशे वर्षांची परंपरा’ म्हणू नये, आणि नव्या घराला उघडा चिरा हवा असेल तर वळचण भिंतीबाहेर किमान अडीच-तीन फूट काढावी.

कोरियांच्या स्वतःच्या कामातही सगळंच सारखं पटणारं नाही. दादरच्या पोर्तुगीज चर्चचा त्यांनी १९७० च्या दशकात केलेला आराखडा मला आवडतो. जुन्या चर्चच्या मनोऱ्यांची नक्कल नाही. प्रार्थनेची जागा, उघडे चौक आणि वर काँक्रीटची शंकूसारखी टोपणं, ज्यांतून गरम हवा वर जाते. आपल्याकडे प्रार्थना संपली की माणसं लगेच घरी जात नाहीत, बाहेर घोळक्याने उभी राहतात. चौकांनी त्याची दखल घेतली आहे.

जयपूरचं जवाहर कला केंद्र (१९८६–९२) मात्र वेगळ्या वाटेने जातं. जयपूर शहराचा नकाशा नऊ चौकोनांचा आणि त्यातला एक सरकलेला अशी मांडणी मानली जाते. कोरियांनी तीच घेतली: तीस बाय तीस मीटरचे नऊ चौकोन, प्रत्येक एकेका ग्रहाचा. ग्रंथालय गुरूच्या चौकोनात, मधला सूर्याचा चौकोन उघडा, पायऱ्यांच्या कुंडाचा. फिरायला जागा सुंदर आहे. पण ग्रह कळायला भिंतीवरचं चिन्ह वाचावं लागतं, आणि जिथे परंपरा वाचून कळावी लागते तिथे ती छेदातून निसटून पुन्हा दर्शनी भागावर आलेली असते. शिवाय ग्रहमंडलाची भाषा सगळ्या भारतीयांची आहे असं गृहीत धरणंही सोपं नाही. ओसरी सगळ्यांची असते, मंडल तसं असेलच असं नाही.

पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी हाच मोह जास्त चांगल्या रीतीने हाताळला. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असलेली ही खगोलभौतिकीची संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे. भिंत खाली स्थानिक काळ्या बसाल्टची, त्यावर अधिक काळा कडप्पा, आणि माथ्यावर चकाकता काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग दिसतात. दगडाची भिंत हळूहळू आकाश होते. मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. दगड इथलाच, दख्खनचा. कुंडाच्या पायऱ्या ओळखीच्या. आणि विषय मात्र सगळ्या जगाचा.

## कायदा काय म्हणतो, आणि दुरुस्तीत काय जातं

प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा (१९५८) निदान शंभर वर्षं जुन्या वास्तूंचा विचार करतो. स्वातंत्र्यानंतरची एकही इमारत त्यात बसत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं वास्तुविशारद राज रेवल यांचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ चं होतं, २०१७ मध्ये पाडलं गेलं. मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसा इमारतींची श्रेणीवार यादी आली. अशा स्थानिक याद्यांमध्ये नाव घालून घेणं हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे, आणि त्यासाठी मूळ नकाशे, छेद आणि फोटो जमवून अर्ज करावा लागतो.

पाडणं एकवेळ डोळ्यांना दिसतं. दुरुस्तीतलं नुकसान दिसत नाही. किनाऱ्यावरच्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार आत मुरतात, सळईला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटतात. आजच्या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावरच्या तीव्र परिस्थितीत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं. १९७० च्या दशकात स्लॅबला १५ मिलिमीटर चालायचं. त्या काळातल्या प्रत्येक इमारतीला हे दुखणं कमीजास्त असणार, तिचा वास्तुविशारद कितीही मोठा असो.

योग्य क्रम असा: हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खुणावणं, काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फथॅलिन टाकणं (गुलाबी झालं तर ते अजून सळईला गंजापासून राखतं, रंग आला नाही तर कार्बन आत पोचलाय), स्लॅबला खालून टेकू देणं, सळईच्या मागेही बोटभर जागा होईपर्यंत खराब काँक्रीट काढणं, सळई घासून चकचकीत करणं, फार झिजली असेल तर जोडीला नवी देणं, गंजरोधक लेप, आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला. सर्रास होतं ते वेगळंच. गंजलेल्या सळईवर तसाच गिलावा थापतात, तो वर्षा-दोन वर्षांत सळईचा आणखी एक पोपडा घेऊन खाली येतो. मूळ उघड्या काँक्रीटवर रंग मारतात, आणि पुढे तडे दिसेनासे होतात.

गच्ची गळते म्हणून जुन्यावरच नवा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घालणं हा तर नित्याचा प्रकार. शंभर मिलिमीटर जाडीचा कोबा प्रति चौरस मीटर सुमारे दोनशे किलो वजनाचा असतो. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी आराखड्यात जो भार धरतात तो दीडशे किलो. म्हणजे एका थराने ती सगळी राखीव ताकद खाल्ली, आणि गळती तर तड्यातून येत होती, ती तशीच. कोणत्याही जुन्या काँक्रीट इमारतीच्या दुरुस्तीच्या निविदेत म्हणूनच ‘नवा थर घालणे’च्या आधी ‘जुना थर पूर्ण काढून स्लॅब तपासणे’ ही बाब वेगळ्या दराने लिहिलेली असावी. ती नसेल तर ठेकेदार ती करणार नाही, कारण तिचे पैसे त्याला कुणी देणार नसतं.